कोल्हापुरी: चामड्याचा तळ की रबरी?

चांगला कारागीर चप्पल बेतण्याआधी विचारतो, घालणारा चालणार कुठे? पारंपरिक तळ बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याचा. चामड्याच्याच वादीनं शिवलेला, खिळा एकही नाही. सुरुवातीला चावतो, पण हळूहळू पायाचा आकार घेतो. उसवला तर पुन्हा शिवता येतो, हे मला फार मोलाचं वाटतं. पावसात मात्र भिजून फुगतो. रबरी तळ ओल्या फरशीवर कमी घसरतो, रोजच्या धावपळीला सोयीचा. शहरात रोज घालायची असेल तर खाली रबर खुशाल लावा. वरचे थर मात्र चामड्याचे, वादीनं शिवलेलेच घ्या.