एबीएसच्या दिव्यासाठी ईएलएम३२७ क्लोन अडॅप्टर: घ्यावा का?

गाडीच्या ओबीडी पोर्टात (तपासणीच्या सॉकेटमध्ये) लावून फोनवर बिघाडाचे कोड दाखवणारा हा स्वस्तातला ब्लूटूथ अडॅप्टर म्हणजे ईएलएम३२७ या चिपची नक्कल. इंजिनाचे कोड वाचायला तो पुरेसा आहे. एबीएसचं, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं, तसं नाही. फुकटातली बरीच ॲप्स फक्त 'पी'ने सुरू होणारे इंजिनाचे कोड दाखवतात, आणि एबीएसचे कोड 'सी'चे असतात. त्यामुळे दिवा पेटलेला असूनही स्क्रीनवर 'एकही फॉल्ट नाही' असं येतं. आपल्या गाडीच्या एबीएस मॉड्यूलशी (एबीएस सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरशी) बोलणारं ॲप आहे का, हे आधी बघा आणि मगच अडॅप्टर घ्या. फोर्ड किंवा माझदा असेल तर फोरस्कॅन हे ॲप चांगलं चालतं.

पाकिटावरच्या व्हर्जनला भुलू नका. मूळ एल्म इलेक्ट्रॉनिक्सने १.५ अशी चिप कधी काढलीच नव्हती, तरी बाजारात १.५ चा ढीग पडलाय. '२.१' लिहिलेल्या बऱ्याच क्लोनमध्ये काही कमांड चालतच नाहीत. इंजिन वाचतात, एबीएसवर अडकतात.

कोड मिळाला तरी लगेच सेन्सर मागवू नका. सी००३५ म्हणजे पुढच्या डाव्या चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचं सर्किट. त्यात सेन्सर, वायर, कपलर (वायरचा जोड) आणि रिंग (चाकाबरोबर फिरणारं, सेन्सर जे वाचतो ते कडं) सगळंच आलं. या अडॅप्टरची खरी किंमत लाइव्ह डेटात, म्हणजे गाडी चालताना दिसणाऱ्या आकड्यांत, वसूल होते. क्लोन हळू चालतो, म्हणून चार चाकांचे वेग सोडून बाकी सगळं स्क्रीनवरून काढा. मोकळ्या सरळ रस्त्यावर २०-३० च्या वेगाने जा, हळूहळू थांबा. फोन शेजारच्याने बघायचा. एक चाक इतरांच्या आधीच शून्यावर आलं तर रिंगवरचा गंज, सेन्सरच्या टोकाला चिकटलेला लोखंडी चुरा किंवा सेन्सर आणि रिंगमधली वाढलेली गॅप बघा. आकडा मधूनच गायब होत असेल तर बहुतेक वायर. स्टीअरिंग आणि सस्पेन्शनबरोबर ती सतत वाकते, आतली तार तुटते आणि वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. कपलर उघडून हिरवट गंजही बघा. कोकणातल्या पावसाळ्यानंतर तर नक्कीच.

पुढचं काम मल्टीमीटरचं. जुन्या पद्धतीचा पॅसिव्ह (बाहेरून वीज न लागणारा) सेन्सर असेल तर कपलर काढून ओहम मोजा. साधारण १००० ते २००० च्या आसपास येतं, पण नेमकी तुलना त्याच ॲक्सलच्या दुसऱ्या चाकाशी करा. चाक हाताने फिरवलं की एसी मिलिव्होल्ट वाढले पाहिजेत. नवीन गाड्यांतल्या ॲक्टिव्ह (बाहेरून वीज लागणाऱ्या) सेन्सरला ओहम मोडमध्ये हात लावू नका. इग्निशन चालू करून गाडीकडच्या कपलरच्या दोन पिनांत बॅटरीच्या जवळपास व्होल्टेज येतं का ते बघा. काही मॉड्यूल फॉल्ट कळताच सप्लाय तोडतात, म्हणून इग्निशन चालू केल्या केल्या मोजायचं.

बेअरिंग बदलल्यावर लगेच दिवा लागला असेल तर सेन्सरला दोष देण्याआधी बेअरिंग उलटं बसलंय का विचारा. काही बेअरिंगमध्ये रिंगच्या जागी चुंबकीय सील असतं, तेही एकाच बाजूला; सुट्या बेअरिंगवर त्या बाजूला स्टेपलरची पिन हलकीच चिकटते, दुसरीकडे नाही.

बॅटरी मरगळलेली असली तरी एबीएस कोड टाकतं, तेव्हा तीही तपासा. आणि अडॅप्टर पोर्टात कायमचा ठेवू नका: १६ नंबरच्या पिनला इग्निशन बंद असतानाही करंट असतो, गाडी उभी राहिली की तो बॅटरी पीत बसतो.

एबीएस पंप चालवून ब्रेकमधली एअर काढायची असेल तर या क्लोनच्या भरवशावर राहू नका. त्यासाठी गॅरेजमधला मोठा स्कॅनरच बरा. एबीएसच्या पिवळ्या दिव्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला तर अडॅप्टर लावत बसू नका, आधी ब्रेक ऑइल बघा आणि गाडी टो करून न्या.