रोज चमचाभर दालचिनी: नऊ महिन्यांनंतर

तपासणीत एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी, ६.१ आला. डॉक्टर म्हणाले, औषध नको, आधी खाणं आणि चालणं सांभाळा. जाऊबाईंनी उपाय सांगितला: अनशापोटी कोमट पाण्यातून चमचाभर दालचिनी पूड. मसाल्याचाच पदार्थ, अपाय कसला, म्हणून मी वाण्याकडची दालचिनी मिक्सरला लावून बरणी भरली.

तीन महिन्यांनी एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या तपासणीतला आकडा, वाढलेली निघाली. "वेगळं काही घेताय का?" डॉक्टरांनी विचारलं आणि दालचिनी बंद करायला लावली. दीड महिन्यात आकडा खाली आला. दालचिनीमुळेच वाढला होता असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण नंतर हिशेब मांडला आणि मी हादरले.

वाण्याकडे बहुधा मिळते ती तज, म्हणजे कॅसिया. साल जाड, टणक, एकाच थराची. तिच्यात कूमरिन नावाचं नैसर्गिक रसायन असतं, ग्रॅममागे सरासरी ३ मिलिग्रॅम. युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेची रोजची मर्यादा आहे वजनाच्या किलोमागे ०.१ मिलिग्रॅम. माझं वजन ५८ किलो, म्हणजे ५.८ मिलिग्रॅम. चमचाभर पूड अडीच ग्रॅम धरली तर साडेसात होतात. तेही रोज, तीन महिने! जास्त कूमरिन काहींच्या यकृताला सोसत नाही. मसालेभातातला तुकडा चार-पाच जणांत वाटला जातो आणि साल ताटाच्या कडेला राहते, त्याची मला भीती नाही.

खरी दालचिनी श्रीलंकेची, आणि आपल्या कोकणातलीही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' ही जात याच झाडाची. पातळ सालींचे थर विडीसारखे गुंडाळलेले, बोटांनी सहज मोडणारे, चव सौम्य गोडसर. कूमरिन नावापुरतं. गुहागरच्या नातेवाइकांच्या नारळीच्या बागेतून मी ती मागवते. तयार पूड घेतच नाही, पुडीत तज की दालचिनी हे डोळ्यांना कळत नाही.

गेले पाच महिने पाव चमचा, लापशीवर भुरभुरून. एसजीपीटी ठीक आहे. एचबीए१सी ५.९ आहे, पण रात्रीचा भात सोडलाय आणि रोज चाळीस मिनिटं चालतेय, त्यामुळे श्रेय दालचिनीला देणार नाही. साखरेवरच्या अभ्यासांचे निष्कर्षही एकमेकांशी जुळत नाहीत. लापशीत गूळ मात्र निम्मा लागतो, एवढं नक्की.

जाऊबाईंना मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, म्हणून त्यांचा चमचा मी हट्टाने थांबवलाय. पुढच्या तपासणीला त्या घरातली सालच पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवणार आहेत.