घरच्या हॉट रॉडला ग्लॉस की मॅट?
नाशिकच्या इंदिरानगरचा एक मित्र जुन्या फियाटची हॉट रॉड, म्हणजे जुनी गाडी बदलून केलेली वेगवान गाडी, बांधतोय. पत्र्याचं काम उरकलं आणि गाडी रंगावर येऊन अडली: चकचकीत ग्लॉस की बिनचकाकीचा मॅट?

ग्लॉसमध्ये पुटीची प्रत्येक लाट ट्यूबलाइटखाली उघडी पडते, म्हणून घासकामाची मजुरी वाढते. मॅट हे दोष बरेच झाकतो.

पण पुढच्या दुरुस्तीत मॅटच महाग. ग्लॉसवर ओघळ आला, कचरा बसला, तर २००० नंबरच्या पाणपेपरने घासून कंपाउंड (चमक आणणारी पेस्ट) मारलं की काम होतं. मॅटला पॉलिश चालतच नाही. घासाल तिथे चकाकी येते, मग एका ओरखड्यासाठी अख्खं दार पुन्हा मारायचं.

टिकाऊपणात, दोन्हींवर चांगला टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक थर) असेल तर फार फरक नाही. मॅट लूक हवा म्हणून नुसत्या प्रायमरवर मात्र थांबू नका. तो पाणी शोषतो आणि नाशिकच्या पावसाळ्यात खालून गंज धरतो. टू-केच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतं, तेव्हा रुमाल बांधून अंगणात मारणं नकोच. रंगकामाचा बंदिस्त बूथ गाठा.

रोज द्वारका चौकातून जाणाऱ्या गाडीला ग्लॉस द्या. शेडमध्ये राहून रविवारी त्र्यंबक रोडला निघणारी असेल, तर मॅट खुशाल घ्या. मूळ रंग बदलत असाल तर आरटीओत आरसीवर नोंद करून घ्या.