मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र (मराठी बायबल) : दीड वर्ष रोज वापरून

वजन एक किलो आठशे ग्रॅम. खोक्यावर लिहिलेलं नाही, मी रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवून पाहिलं. तो दचकलाच. "बाई, हे पण द्यायचंय?" म्हटलं, नाही रे बाबा, नुसतं वजन सांग.

दुकानात हे कोणी सांगत नाही, आणि घरी आल्यावर पहिली अडचण तीच होते. हे पुस्तक हातात धरून वाचता येत नाही. पडून तर नाहीच नाही, छातीवर ठेवलं तर दम लागेल. ट्रेनमध्ये न्यायचा प्रश्नच नाही. त्याला टेबल लागतं. आमच्या भायखळ्याच्या खोलीत टेबल म्हणजे शिवणमशीनचं झाकण. त्यावरची औषधं, बिलं, चष्म्याच्या डब्या उचलून रोज जागा करावी लागते. पहिले आठ दिवस मी मनातल्या मनात दुकानदाराला नावं ठेवली. आता त्या झाकणावर दुसरं काही ठेवतच नाही.

मी चौतीस वर्षं महापालिकेच्या हॉस्पिटलात सिस्टर होते. आमचे हे गिरगावात छापखान्यात कंपोझिटर. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली आणि शेवटची काही वर्षं कॉम्प्युटरवर पानं लावली. मागच्याच्या मागच्या नोव्हेंबरात त्यांना झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला, म्हणजे उजवा हात-पाय गेला आणि बोलणंही. समजतं सगळं. चहा हवा असेल तर "पंखा" म्हणतात, आणि आपण चुकीचं बोललो हे कळून स्वतःवरच चिडतात. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाचं हे असं झालं. ॲफेझियाचे, म्हणजे असे शब्द हरवलेले, पेशंट मी वॉर्डात पुष्कळ पाहिले होते. घरात पाहणं वेगळं.

त्याआधी माझं वाचन फोनवर चालायचं. मुलीने एक ॲप टाकून दिलं होतं. रोजचा अध्याय वाचला की हिरवी खूण यायची आणि वर सलग दिवसांचा आकडा वाढायचा. माझे १४३ दिवस झाले होते. महिला मंडळात सांगूनही झालं होतं, खोटं कशाला बोलू. मग आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर चार रात्री गेल्या. पाचव्या दिवशी फोन चार्ज केला तर आकडा शून्यावर, आणि खाली गोड भाषेत निरोप, की आम्ही तुमची वाट पाहतोय. मी ते ॲप तिथल्या तिथे काढून टाकलं. त्याची चूक नव्हती, ते मोजण्यासाठीच बनवलेलं. पण त्या दिवशी मला कोणी मोजायला नको होतं.

हे शास्त्र मी जानेवारीत घेतलं, भायखळ्याजवळच्याच एका ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानातून, सातशेच्या आत. यांना चष्मा लावूनही आमचं जुनं, घड्या पडलेलं शास्त्र दिसेना, म्हणून मोठी अक्षरं. जुन्याच भाषांतराचं घेतलं. सोप्या भाषेतली नवी भाषांतरंही चांगली असतात. पण ह्यांच्या डोक्यात लहानपणापासून जे शब्द बसलेत तेच कानावर पडायला हवे होते. एरवी ह्यांना दोन शब्द जुळवता येत नाहीत, पण प्रभूची प्रार्थना मी सुरू केली की शेवटपर्यंत बरोबर म्हणतात, उच्चारासकट. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनंही चालीवर म्हणतात. ज्यांच्या घरी असा पेशंट असेल त्यांना सांगते, पाठ असलेलं पुष्कळदा शिल्लक राहतं. तिथून सुरू करा.

आमच्याकडे पाणी पहाटे साडेचारला येतं. पिंप, कळशा, बादल्या भरून होईस्तोवर पाच वाजतात. मग चहा, आणि सव्वापाचला शास्त्र उघडायचं. पावणेसहाला ह्यांचा व्यायाम. इतक्या पहाटे वाचता म्हणजे तुमची फारच श्रद्धा, असं शेजारपाजारचे म्हणतात. श्रद्धा कसली, पाणी! नळ आला की उठावंच लागतं, आणि उठलेच आहे तर वाचते. वॉर्डातही असंच होतं. चार तासांनी टेंपरेचर घ्यायचं म्हणजे घ्यायचं. त्या दिवशी आपल्याला पेशंटबद्दल माया वाटते की नाही, हे चार्टवर लिहायला रकानाच नसतो.

वाचनाचा हिशेब आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी घालून दिलेला आहे, जुनाच: आठवड्याचे सहा दिवस तीन-तीन अध्याय आणि रविवारी पाच. शास्त्रात एकूण ११८९ अध्याय, त्यामुळे वर्षात होऊन जातं. कागदावर. आम्हाला पहिल्या फेरीला पंधरा महिने लागले. दोन वेळा ह्यांना परत ॲडमिट केलं, एकदा मलाच डेंग्यू झाला. शिवाय लेवीय, शास्त्रातलं तिसरं पुस्तक. उत्पत्ति-निर्गम ही पहिली दोन गोष्टींसारखी सरकतात, आणि लेवीयाशी आलं की कुष्ठाचे डाग, भिंतींवरची बुरशी, कोणी किती दिवस वेगळं राहायचं. बहुतेकांची गाडी इथेच घसरते. मला मात्र ते भाग आवडले, सांगायला संकोच वाटतो. आयसोलेशन वॉर्डाची नियमावलीच ती! मला झोप आली ती 'पहिला इतिहास' ह्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या नऊ अध्यायांत. नुसती नावं. हे मात्र त्या नऊ अध्यायांत, म्हणजे तीन दिवसांत, सगळ्यात जास्त जागे होते. का ते पुढे सांगते.

एक गोष्ट हिशेबाबाहेरची. मार्चमध्ये एक आठवडा फार वाईट गेला. फिजिओथेरपिस्टने येणं सोडलं, पेन्शनचं काहीतरी अडकलं, ह्यांनी तीन दिवस जेवणाला तोंड लावलं नाही. तेव्हा मी वाचन जिथल्या तिथे ठेवून स्तोत्र ८८ काढलं. दीडशे स्तोत्रांपैकी बहुतेक रडगाणी शेवटी कुठेतरी वळतात, देवाची स्तुती करून थांबतात. हे वळत नाही. अंधारातच संपतं. तीन दिवस तेच वाचलं. पुढच्या रविवारी देवळात एका बाईंनी मला धीर धरा, देवाची योजना असते म्हणून सांगितलं. मी सलाम करून पुढे गेले. स्तोत्र ८८ ज्याने लिहिलं त्याने मला असं काही सांगितलं नव्हतं, आणि तरी ते शास्त्रात ठेवलंय. मला तेवढं पुरलं.

ईस्टरआधीच्या उपवासकाळाबद्दलही लिहिते, कारण रविवार वगळून चाळीस दिवसांचं वाचन हे पुस्तक घेणारे बरेच जण करतात. मी दर वर्षी चहा सोडते. यंदा राखेच्या बुधवारी, म्हणजे त्या काळाच्या पहिल्या दिवशी, सोडला आणि शनिवारी ह्यांच्यावर ओरडले, डायपर बदलताना. पाळकसाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "सिस्टर, चहा घ्या आणि ओरडणं सोडा. ते जास्त अवघड आहे." ह्यांना शुगर आहे, उपवासाचा प्रश्न नव्हताच. मग आम्ही त्या दिवसांत शास्त्रातलं विलापगीत हे पुस्तक लावलं. पाच अध्याय, त्यातल्या चारांत बावीस-बावीस ओव्या आणि मधल्यात सहासष्ट. हिब्रू मुळाक्षरं बावीस, त्यांच्या क्रमाने पहिल्या चार अध्यायांची मांडणी आहे. यरुशलेम शहर उद्ध्वस्त झालंय आणि रडणारा माणूस अक्षरांच्या क्रमाने रडतोय. ह्यांना ते समजावून सांगितलं तेव्हा ह्यांनी डाव्या हाताने हवेत खिळे उचलून ठेवल्यासारखं केलं. उत्तम शुक्रवारी बारा ते तीनच्या उपासनेला व्हीलचेअर घेऊन गेलो. वधस्तंभावरच्या येशूच्या सात उद्गारांपैकी चौथ्यापर्यंत हे बसले. पुष्कळ झालं.

आता छपाई. टाइप मोठा आहे, खरोखर मोठा, ट्यूबलाइटच्या उजेडात दीड हातावरून दिसतो. ओळींमध्ये अंतर ठीक. पण कागद इतका पातळ की पाठीमागची अक्षरं पुढे दिसतात, आणि दोन्ही बाजूंच्या ओळी एकमेकींवर नीट बसवलेल्या नाहीत, त्यामुळे मधल्या पांढऱ्या पट्ट्यांत मागची सावली येते. हे मला कळलंच नसतं. ह्यांनी पान उजेडापुढे धरून दाखवलं आणि तोंड वाकडं केलं. जोडाक्षरं बहुतेक नीट आहेत. अनुस्वाराची टिंबं काही पानांत इतकी फिकट की नुसती जागा उरलीये.

ह्या बाबतीत आमच्या घरी मापं कडक आहेत. मुंबईतला देवनागरी टाइप बराचसा मिशनच्या छापखान्यांत घडला, हे ह्यांना बोलता येत होतं तेव्हा ते कोणालाही धरून ऐकवायचे. निर्णयसागर छापखान्याच्या जावजी दादाजींनी आधी अमेरिकन मिशनच्याच छापखान्यात काम केलं, वगैरे. आणि पंडिता रमाबाईंचं भाषांतर. हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं शास्त्र एकट्या बाईने केलं. १९२१ मध्ये त्यांची मुलगी मनोरमा गेली, तिच्यामागे पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या, आणि १९२४ मध्ये केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमधून ते छापून बाहेर आलं. मुलगी गेल्यावर प्रुफं तपासणारी बाई, हे ह्यांच्या दृष्टीने साधुत्वाचं सगळ्यात मोठं लक्षण होतं. मी तेव्हा हसायचे.

तर पहिल्या इतिहासातली ती नावं. मी वाचत होते, बोट ओळीवरून सरकवत. ह्यांनी माझं बोट धरलं आणि मागे नेलं. मला वाटलं पाणी हवंय. नाही. परत तिथेच. एका नावातला अनुस्वार गेलेला, चार ओळींआधी तेच नाव अनुस्वारासह. मी म्हटलं, बरोबर, चुकलंय. मग ते टेबलाकडे बोट दाखवत राहिले, "पंखा, पंखा" म्हणत. पंखा लावला, बंद केला, खिडकी उघडली. शेवटी मुलीच्या जुन्या कंपासपेटीतून पेन्सिल काढून दिली. डाव्या हाताने, थरथरत, त्यांनी त्या अक्षरावर एक टिंब दिलं आणि बाजूच्या समासात मुद्रितशोधनाची खूण केली. झटक्यानंतर कागदावर उमटलेलं त्यांचं ते पहिलं काही.

बाकीच्या तक्रारी पटापट सांगते. पानांच्या सोनेरी कडा नव्याने एकमेकींना चिकटलेल्या असतात, घाईने उघडलं तर फाटतात. आधी पाच-पाच पानं हळूच सोडवून घ्या. खुणेची फीत एकच दिलीये, दोन हव्यात, जुना करार आणि नव्याला वेगवेगळी. मी मुलीच्या शाळेच्या रिबिनीची दुसरी शिवून टाकली. फीत मात्र चांगली वस्तू. दोन आठवडे हॉस्पिटलात काढून आलो तरी ती जिथे होती तिथेच होती, किती दिवस झाले विचारलं नाही. पावसाळ्यात कव्हरला बुरशी धरते, जुलैत आठवड्याला एकदा सुक्या फडक्याने पुसावं लागतं, आणि कसर लागू नये म्हणून आतल्या बाजूला कडुलिंबाची पानं. शेवटचे नकाशे रंगीत आहेत पण गावांची नावं भिंग घेऊन वाचावी लागतात. मोठ्या अक्षरांच्या पुस्तकात! हे कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?

पाचापैकी चार. एक तारा फितीचा आणि नकाशांचा कापला. एकट्याने प्रवासात वाचणाऱ्यांनी लहान आवृत्ती घ्यावी.

चुकांचं दुकानदाराला सांगितलं तेव्हा तो भला माणूस म्हणाला, आणा, बदलून दुसरी प्रत देतो. मी पिशवीत भरलीही होती. मग पुन्हा बाहेर काढली. यहेज्केलाच्या पुस्तकापर्यंत आता अकरा ठिकाणी पेन्सिल झालीये.