व्हिपिंग सायफन: आवाज छोटा, फेस मोठा, आयुष्य कमी

उजवा खांदा आखडल्यापासून माझं हातानं क्रीम फेटणं बंद झालं. इलेक्ट्रिक बीटर आहे घरात, पण तो लावला की स्वयंपाकघरात कुणीतरी ड्रिल चालवतंय असं वाटतं. त्यात या उन्हाळ्यात लेक बाळाला घेऊन राहायला आलेली. बाळाची झोप दोन ते चार, आणि सगळ्यांना गार-गोड काहीतरी हवं असतं ते बरोबर चारला. मग फेटायचं कधी? जावयांनी यावर तोडगा म्हणून व्हिपिंग सायफन आणून दिला. म्हणाले, "आई, याला आवाजच नाही."

तसा आवाज आहे. गॅसचं काडतूस फिरवून आत घट्ट बसवलं की एकदाच 'फुस्स' होतं आणि संपलं. बाळ त्या आवाजाला उठत नाही. जागं असलं तर मात्र खदाखदा हसतं, आणि मग सगळ्यांना वाटतं आणखी एक काडतूस लावावं. लावू नये. अर्ध्या लिटरच्या सायफनला ८ ग्रॅमचं एक काडतूस पुरतं.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नाही त्यांच्यासाठी: जाड धातूची बाटली, तिच्यावर पिळाचं डोकं, डोक्याला दांडा आणि पुढे नोझल. आत गार क्रीम ओतायचं, खुणेच्या वर जाऊ द्यायचं नाही, डोकं घट्ट करायचं, काडतूस लावायचं. आतला नायट्रस ऑक्साइड दाबाखाली क्रीममध्ये विरघळतो. दांडा दाबला की क्रीम बाहेर येतं, दाब सुटतो आणि तोच गॅस बुडबुडे होऊन फुलतो. सोड्याची काडतुसं दिसायला अगदी तशीच असतात, पण त्यांत कार्बन डायऑक्साइड असतो. ती लावली तर क्रीम जिभेला चुरचुरतं आणि आंबट लागतं. दोन्ही डबे शेजारीशेजारी ठेवू नका, एवढंच सांगते.

माझा सायफन डोक्यासकट स्टीलचा आहे आणि याबाबत मी हट्टी आहे. फ्रान्समध्ये प्लॅस्टिकचं डोकं असलेले सायफन फुटून माणसं जखमी झाली, २०१७ मध्ये तर एक जीवही गेला. तेव्हा डोकं धातूचंच घ्या, आणि आतला गॅस पूर्ण सोडल्याशिवाय ते उघडायला जाऊ नका. आमच्याकडे धुवायची घाई फार, म्हणून मी दांडा दाबून धरून शेवटचा 'हिस्स' ऐकू येईपर्यंत कुणालाही हात लावू देत नाही.

पहिला प्रयोग पाण्यात गेला. चूक सायफनची नव्हती, माझी होती. फ्रिजमध्ये साधं क्रीम होतं, २५ टक्के स्निग्धांशाचं, तेच ओतलं. नोझलमधून जे आलं ते स्ट्रॉबेरीवरून ओघळत वाटीच्या तळाशी जाऊन बसलं. फेटायच्या क्रीमला निदान ३० टक्के स्निग्धांश लागतोच, ३५ असला तर निर्धास्त राहावं. आणि ते नुसतं गार नको, चांगलं थंडगार हवं. क्रीममधली चरबी थंडीत अर्धवट घट्ट होते, म्हणून तर बुडबुड्यांना धरून ठेवते. ओट्यावर दहा मिनिटं विसरलेलं क्रीम उन्हाळ्यात कितीही घुसळा, हात तेवढा दुखतो. आता मी बाटलीही रिकामीच तासभर फ्रिजमध्ये ठेवते.

दुसऱ्या दिवशी सायफन तिरका धरला. हे कुणीच सांगितलं नव्हतं. सायफन पूर्ण उलटा, नोझल थेट खाली, असाच धरायचा असतो. तिरका धरला की गॅस आधी निसटून जातो आणि अर्धं क्रीम बाटलीत अडकून राहतं. ते मग चमच्यानं खरवडून काढलं. तिसऱ्या दिवशी मी हौसेनं आत स्ट्रॉबेरीचा गर घातला. गाळला नव्हता. त्या इवल्याशा बिया नोझलमध्ये अशा गच्च बसल्या की सोडवायला टूथपिक, ब्रश आणि बरेचसे अपशब्द लागले. दाणेदार साखरही तेच करते, म्हणून पिठीसाखर, तीही चाळून.

चौथ्या दिवशी मात्र जमलं, आणि काय जमलं! स्ट्रॉबेरी चिरून वर दोन चमचे साखर भुरभुरली आणि अर्धा तास झाकून ठेवली. साखर फळातलं पाणी ओढून घेते, तळाशी लालभडक रस जमतो, वेगळा पाक करायची गरजच नाही. सोबत पीचच्या फोडी. वाट्या भरल्या, सगळे बसले, आणि मग प्रत्येकाच्या वाटीवर तिथल्या तिथे क्रीम सोडलं. हातानं फेटलेलं क्रीम साधारण दुप्पट फुलतं, सायफनचं जवळजवळ चौपट. त्यामुळे ते जिभेवर ठेवेपर्यंत नाहीसं होतं आणि फळाची चव आधी लागते. उकाड्यात असं हलकं क्रीम फार बरं वाटतं. ह्या एका गोष्टीसाठी मी सायफनला पैकीच्या पैकी देईन.

पण पुढच्या रविवारी नणंद येणार होती आणि मला ग्लासात थर लावायचे होते. तळाशी बिस्किटांचा चुरा, वर फळ, वर क्रीम, परत तसंच. सकाळी अकराला सुंदर सहा ग्लास लावून फ्रिजमध्ये ठेवले. बारा वाजता उघडून बघते तर क्रीम निम्म्यावर आलेलं, बिस्किटं भिजून लगदा, आणि वरच्या थरातून गुलाबी पाणी खाली झिरपतंय. नणंदेनं ग्लास उचलून उजेडात धरला आणि अगदी निरागसपणे विचारलं, "वहिनी, हा मिल्कशेक आहे का गं?"

तेव्हा मी शांतपणे बसून विचार केला. फेटताना चरबीचे कण एकमेकांवर आपटतात, चिकटतात, बुडबुड्यांभोवती त्यांचं जाळं तयार होतं. त्या जाळ्यामुळेच क्रीम तासन्‌तास उभं राहतं. सायफनमध्ये फुगवण्याचं काम गॅस करतो, जाळं नीट विणलं जायला वेळच मिळत नाही. गॅस निघून गेला की फेस खचतो. माझ्या घड्याळाप्रमाणे भर उन्हाळ्यात पंधरा मिनिटं धरा. बाटली जास्त हलवली तर आत थोडं घट्ट होतं, पण त्यातही मेख आहे: फार हलवलं की नोझलमधून लोण्याचे गोळे फुर्र करून उडतात.

(किवी आणि कच्चा अननस यांचा दोष मात्र सायफनवर घालू नका. त्यांच्यात प्रथिनं तोडणारी एन्झाइम असतात, क्रीमसोबत तासभर राहिले की कडवटपणा येतो. घालायचेच तर वाढताना घाला. अननस शिजवून घेतला तर काही होत नाही.)

थरांच्या ग्लासांसाठी शेवटी उपाय सापडला तो बाटल्यांच्या कपाटात. घट्ट फिरकीच्या झाकणाची काचेची बरणी. तिच्यात निम्म्यापर्यंत थंडगार क्रीम, एक चमचा पिठीसाखर, आणि हलवायचं. डचमळायचा आवाज हळूहळू मंद होतो, मग अगदी बंद होतो. तो बंद झाला की थांबायचं, चार-पाच मिनिटांचं काम. फुलतं थोडं कमी, पण घट्ट, मखमली, आणि संध्याकाळपर्यंत थर जागचे हलत नाहीत. गॅस नाही, काडतूस नाही, पुन्हा फेकायला रिकामं लोखंडही नाही.

माझा खांदा अर्थातच बरणीला नाही म्हणतो. म्हणून ते काम जावयांकडे. एका खांद्यावर बाळ, दुसऱ्या हातात बरणी, खोलीभर फेऱ्या. त्या हलण्यानं बाळही झोपतं. एकदा फोनवर बोलता बोलता त्यांचं आवाजाकडे लक्ष राहिलं नाही आणि बरणीत लोण्याचा गोळा आणि पातळ ताक निघालं. ते गोडसर लोणी टोस्टला लावून वर स्ट्रॉबेरीच्या चकत्या ठेवून खाल्ले, आणि लेक म्हणाली, "बाबांना हेच द्या, क्रीम राहू दे."

सायफन मी परत केला नाही. अचानक चार माणसं आली आणि फळं चिरलेली असली तर त्याच्यासारखं झटपट काही नाही, आणि उरलेलं क्रीम त्याच बाटलीत दोन दिवस फ्रिजमध्ये नीट राहतं. सध्या मात्र तो कपाटात उभा आहे, कारण डोक्यातला रबरी वॉशर धुताना सिंकच्या भोकातून गेला. वॉशरशिवाय काडतूस लावलं तर सगळा गॅस मानेतूनच निघून जातो. घेताना दोन वॉशर जास्तीचे मागून घ्या. मी मागवलेत, पण तोवर जावई आणि बरणी.