एफ-क्लॅम्प वर्षभर वापरून : पकड ठीक, टोप्यांनी छळलं

एफ-क्लॅम्प म्हणजे फेविकॉल लावलेल्या फळ्या वाळेपर्यंत आवळून धरणारा सुतारी शिकंजा : लांब लोखंडी पट्टी, तिच्या टोकाला एक पक्का जबडा आणि पट्टीवर सरकणारा, स्क्रूने आवळायचा दुसरा हात. आता थेट तक्रारीवर येतो. जबड्यावरच्या प्लास्टिकच्या टोप्या! ऑनलाइन मागवलेल्या सेटमधल्या निम्म्या टोप्या पहिल्याच उन्हाळ्यात गेल्या. सोलापूरचं ऊन, त्यात माझी पत्र्याची खोली. प्लास्टिक कडक होऊन चिरलं आणि क्लॅम्प सोडताना फेविकॉलला चिकटून फळीवरच राहिलं. नुसत्या टोप्या मागितल्या तर विक्रेता म्हणे, सुट्या मिळत नाहीत, नवा सेट घ्या. बोटभर प्लास्टिकसाठी नवा सेट? फोनवरच्या पोराशी भांडण्यात अर्थ नव्हता, तो क्लॅम्प म्हणजे मोबाईलचा स्टँड समजत होता.

टोपी नसली की उघडा जबडा सागवानात वळ उठवतो. ते एक वेळ रंध्याने निघतं. काळा डाग निघत नाही. ओलं फेविकॉल, लोखंड आणि लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) एकत्र आलं की निळसर काळं आत उतरतं, बाभळीत तर फारच. आता सायकलच्या जुन्या ट्यूबची कडी कापून जबड्यावर चढवतो. फेविकॉल रबराला धरत नाही. पट्टीखाली ब्राउन टेप. खर्च शून्य, आणि कंपनीच्या टोपीपेक्षा टिकाऊ.

आवळताना क्लॅम्पचा सरकता हात पट्टीवरून घसरतो अशीही ओरड असते. हात तिरका होऊन पट्टीच्या दातांत रुततो, पकड तेवढ्यावरच. कारखान्यातलं तेल तसंच राहिलं तर सरकणारच. थिनरने पुसा, विषय संपला.

खरी गंमत टेबलाच्या फळीला आली. पडलेल्या वाड्याच्या तुळया चिरून काढलेलं जुनं सागवान. चार फुटी एफ-क्लॅम्प आवळला तशी पट्टीच धनुष्यासारखी वाकली, फळ्या मधून उचलल्या. एक खालून, एक वरून असे आलटून पालटून लावले तरी समाधान होईना. शेवटी पाईप क्लॅम्पची नुसती डोकी, म्हणजे पाईपवर चढवायचे जबडे, घेतली आणि पाऊण इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप, लाल पट्ट्याचा, म्हणजे जाड सी क्लास. प्लंबरकडून दोन्ही टोकांना आटे पाडून घ्या. सॉकेट लावून दोन पाईप जोडले की दाराची फळीसुद्धा बसते. लांब एफ-क्लॅम्पपेक्षा स्वस्तात पडलं, आणि वाकणं जवळपास नाही.

इथवर लिहिलं तेव्हा एफ-क्लॅम्पला दोनच तारे देणार होतो. मग चौरंग करायला घेतला. पाईपच्या वजनाने चौकट काटकोनातून हलायला लागली, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावावा तिकडे फट. तिथे हलका एफ-क्लॅम्पच कामाचा, एका हाताने सरकवता येतो. आणि घाई असतेच. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार, दुपारी फेविकॉल लावून फळ्या जुळवेपर्यंत वर साय धरते. म्हणून मी जोडकाम सकाळी ऊन चढायच्या आत उरकतो, आणि त्याआधी एकदा कोरडं, फेविकॉल न लावता, आवळून बघतो.

तेव्हा साडेतीन तारे. दोन फुटांपर्यंत एफ, पुढे पाईप. जीव खाऊन आवळू नका, जोडावर सगळीकडे सारखे थेंब आले की थांबा. पुढे पिळाल तर फेविकॉल बाहेर आणि जोड उपाशी. जुन्या सागवानाला तेल असतं, लावायच्या आधी कड ताजी रंधून घ्या. जी-क्लॅम्प (इंग्रजी जी अक्षरासारखे छोटे स्क्रूचे शिकंजे) मी घेतलेच नाहीत, शेजारच्या मिस्त्रींचे लागतील तेव्हा आणतो.