झटका मशीन की जाळी? रोही, डुकरं आणि मधपेट्यांवर येणारं अस्वल

आमच्याकडे, म्हणजे बुलडाण्यात ज्ञानगंगा अभयारण्याच्या काठच्या गावांत, वावराला कुंपण करायचं का हा प्रश्न आता कोणी विचारत नाही, कोणतं करायचं एवढंच विचारतात. मी दोन्ही करून बसलोय, लोखंडी जाळी एका बाजूने आणि झटका, म्हणजे कुंपणाच्या तारेत क्षणभर वीज सोडणारं मशीन, नंतर सगळीकडून, त्यामुळे खाली जे आहे ते माझ्या साडेचार एकरांपुरतं समजा. जागल, फटाके, बुजगावणं, जुन्या साड्या हे तुमचंही करून झालं असेल असं धरतो. साड्यांना रोही, म्हणजे नीलगाय, पहिले आठ दिवस बिचकले, नवव्या दिवशी साडी पायात घेऊन तुरीत.

आधी जाळीचं बोलतो, कारण तिचेही गुण आहेत. एकदा मारली की बॅटरी नाही, चार्जिंग नाही, लग्नाला चार दिवस बाहेरगावी गेलात तरी ती तिथेच उभी, आणि गावातली मोकाट जनावरंही अडतात. पैसा मात्र लागतो. मला चारी बाजूंचा हिशोब दोन लाखांच्या वर सांगितला म्हणून मी फक्त नाल्याकडची बाजू केली, ५ फुटी. पहिल्याच पावसाळ्यात काळी जमीन भुसभुशीत झाली आणि डुकरांनी खालून नाक घालून जाळी अशी उचलली की जणू पडदाच वर केला. रोह्याचं तर विचारू नका, घोड्याएवढं जनावर ते, मनात आलं तर ५ फूट म्हणजे काहीच नाही.

पण हे सगळं मी चालवून घेतलं असतं, खाली दगड रचले, वर काटेरी तार ओढली. जे चालवून घेता आलं नाही ते म्हणजे धुरा, दोन वावरांमधला बांध. नाल्याकडचं संपल्यावर हौसेने काकांच्या बाजूचे खांब रोवायला घेतले. सिमेंटचे खांब, खड्डे खणून पक्के. काका आले, वीत लावून बघितली आणि म्हणाले, "बापू, हा खांब माझ्यात आलाय." मी म्हणलं नाही, ते म्हणाले मोजणी आण. बरं, खांब वीतभर इकडे घेतला तरी त्यांचा डवरा, म्हणजे बैलांचं कोळपं, वळवायला जागा उरत नव्हती, आजवर दोघांचेही बैल धुऱ्यावरच वळायचे ना. आणि माझ्या बाजूनेही जाळीला लागून तीन-चार फूट पट्टा पडीकच राहत होता, ट्रॅक्टर तिथे जात नाही, त्यात गवत माजतं, ते जाळीत गुंततं, विळ्याने काढायला जावं तर बोटं सोलतात. दोन महिने काका बोलले नाहीत. जाळीने जनावरं धड अडली नाहीत, काका मात्र अडले. शेवटी सहा खांब मीच उपटले, त्यातले दोन अजून गोठ्यामागे पडून आहेत.

झटक्याला हा त्रास नाही एवढ्यावरच माझा निकाल लागला म्हणा ना. बांबू रोवले, इन्सुलेटर बांधले, क्लच वायर ओढली, पीक निघालं की तार गुंडाळून घरात. धुरा मोकळा, काकांचा डवरा वळतो. मशीन, पॅनल, बॅटरी, तार धरून मला २५ हजारांच्या आसपास पडलं. जंगलालगतच्या गावांना श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला ७५ टक्के अनुदान आहे, ते आधी बघा, मी पेरणीच्या घाईत स्वतःच्या पैशाने घेऊन मोकळा झालो.

आता त्याची खोड. तारेला गवत टेकलं की झटका जमिनीत जातो, मशीन टकटक करत राहतं आणि आपण निवांत झोपतो. श्रावणात दर आठ-दहा दिवसांनी तारेखालचं गवत काढावंच लागतं, त्याला सुट्टी नाही. उन्हाळ्यात उलटं, काळ्या जमिनीला भेगा पडल्या की अर्थिंगच धरत नाही, मग मशीनच्या अर्थिंगसाठी जमिनीत ठोकलेल्या रॉडपाशी दोन बादल्या पाणी ओतायचं, झटका परत येतो. खालची तार डुकराच्या नाकाच्या उंचीला, वरची रोह्याच्या छातीला, मधे दोन. हरणं मधून घुसतात कधी कधी, आणि मागे कुत्री लागलेला कळप आला तर तारबीर काही बघत नाही, तोडून जातो. तरी रोज रात्री येणारी जनावरं एकदा नाकाला चटका बसला की धुऱ्यापासून लांबून जायला लागली, माझा अनुभव तरी असा आहे.

अस्वलाचं प्रकरण वेगळं. बियाण्याचा कांदा फुलावर आला की आम्ही मधपेट्या आणतो, मधमाशी फिरली नाही तर बी भरत नाही. एका सकाळी दोन पेट्या उताण्या, चौकटी चघळून टाकलेल्या, मेणाचा चोथा, आणि मातीत लांब नखांचे ओरखडे. ही बाजू जाळीचीच होती. जे अस्वल झाडावर चढून पोळं काढतं त्याला ५ फुटी जाळीचं काय? पण झटकाही त्याला सरळ लागत नाही, अंगावर एवढा केसांचा गोधडा असतो. मग पेट्यांभोवती छोटं वेगळं कुंपण केलं, तारा वीतभर अंतराने, आणि मधल्या तारेला पत्र्याच्या पट्ट्या अडकवून त्यांना जरा गूळ फासला, म्हणजे ते तोंड लावेल आणि चटका ओल्या नाकाला बसेल. मुंग्या फार होतात, दोन दिवसांनी परत फासावा लागतो, पण त्यानंतर पेटी पडली नाही. पट्टीवर एकदा केस अडकलेले सापडले.

एक गोष्ट मात्र हात जोडून. मशीनचा झटका सेकंदाला एकदा, क्षणभराचा असतो, म्हणून जनावर चमकतं आणि जगतं. मशीन महाग म्हणून तारेत थेट लाईट सोडू नका. विदर्भात त्याने वाघ मेलेत आणि माणसंही, आणि त्याला गुन्हा लागतो तो वेगळा.

संत्र्याची बाग असेल, मोजणी झालेली असेल आणि शेजारी ट्रॅक्टरवाला असेल तर जाळी मारा, मी नको म्हणणार नाही. माझ्यासारखं तूर-सोयाबीन असेल आणि धुऱ्यापलीकडे काका असतील तर झटका बघा. यंदा तारेखालचं गवत काकाच काढतात, त्यांच्या बैलांना होतं.